दुपटीचे कार्ड

आनेकल
आषाढ पौर्णिमा, १० जुलै २०२५

चि. भार्गवी हिस, तुझ्या पणजोबांच्या देवघरातून अनेक आशीर्वाद.

दूरध्वनीवर तू जे सांगतेस ते मी ऐकतो, परंतु ऐकलेले आता माझ्यापाशी टिकत नाही. पत्र पुन्हा काढून वाचता येते, म्हणून तुला लिहिण्याची गळ घातली. आमच्या श्यामलेचे म्हणणे असे की मारतहळ्ळीहून आनेकलला पत्र लवकर पोहोचते, मोटारीतली भार्गवी उशिरा. सून म्हणून ती माझ्याशी आदराने बोलते, पण बंगळूरच्या रस्त्यांविषयी तिला कोणाचीच भीड नाही.

तुझ्या संस्थेची दुपटीची कार्डे येथील कष्टकरी घरांत पोहोचली आणि विठोजीच्या दुकानात चालूही लागली. जेवढ्याची भाजी आणि फळे घ्यावीत तेवढीच रक्कम कार्डावर जमा व्हावी, व ती पुन्हा भाजीफळांसाठीच खर्चता यावी, ही योजना प्रथम ऐकून मला हसू आले होते. चांगले खाण्यासाठी माणसाला लालूच का दाखवावी, असे मी विचारले. तू म्हणालीस, "अण्णाआजोबा, बिस्किटाचा पुडा पालकाच्या जुडीपेक्षा स्वस्त पडतो आणि नासत नाही. लालूच तिकडे आहे, आम्ही फक्त पारडे सारखे करतो." त्यावर मी विठोजीचे नाव सुचवले. त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे धान्य घातले आहे. त्याच्या तराजूची हमी मी देवासमोर देईन.

आता काळजीचे. पहाटे आपल्याकडे फुले आणि तुळस आणून देणारी ठकुबाई तुला ठाऊक आहे. तिची सून दिव्यश्री शिवणकामाच्या कारखान्यात जाते. तिला सातवा महिना लागला आहे. गेल्या वर्षी तिचे पहिले बाळ पोटातच गेले. परवा सासूऐवजी ती परडी घेऊन आली, तेव्हा तिची नखे माझ्या दृष्टीस पडली. जाईच्या कळ्या आणि ती नखे यांत रंगाचा भेद नव्हता. दवाखान्यात रक्त आठावर आले म्हणतात. लोहाच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पालेभाजी, फळे, कडधान्ये यांवर भर देण्यास सांगितले आहे. श्रावणाच्या आरंभी पुन्हा तपासणी आहे. रक्त चढले नाही तर दोन्ही जिवांचे काही सांगता येणार नाही, असे त्या स्पष्ट बोलल्या. तुझे कार्ड त्या घरात गेले हे ऐकून मला जरा धीर आला.

देवळात माझे चातुर्मासाचे निरूपण रोज सायंकाळी चालू आहे. आरंभ शाकव्रताने केला. आपल्या वैष्णव घराण्यांत पहिला महिना भाजी, फळे, मिरची, चिंच वर्ज्य, दुसरा दही, तिसरा दूध आणि चौथा डाळी, हे तू जाणतेसच. जिव्हेच्या निग्रहावर बोलताना मी फार रंगलो. परंपरेप्रमाणे फलश्रुतीही सांगितली, की व्रतस्थाच्या कुळात संतती दीर्घायुषी होते. पुढे आपली पाचसहा घरची मंडळी बसतात. मागे खांबांपाशी कारखान्यांतून सुटलेल्या बायका टेकतात. प्रसादाची वेळ होईतो त्यांनाही तेवढाच विसावा.

हरी तुझे रक्षण करो.
श्रीरंग


मारतहळ्ळी
१७ जुलै २०२५

पूज्य अण्णाआजोबा, साष्टांग नमस्कार.

शुद्धलेखन तुम्ही तपासणार हे माहीत असल्यामुळे घाबरतच लिहिते आहे. पण आज भीतीचं कारण वेगळं आहे.

विठोजीअण्णांच्या दुकानात कार्डावरची भाजी अचानक थांबली आहे. कमी नाही झाली, थांबलीच. आठवड्यापूर्वीपर्यंत सगळ्या तालुक्यात ते दुकान पहिलं होतं. इतर गावांत सगळं नेहमीसारखं चालू आहे. फक्त तुमच्या पेठेतल्या घरांनी पालक, वांगी, केळी, सगळं एकदम सोडलं. तीच माणसं त्याच दुकानातून तांदूळ, मूग, मिरे घेताहेत. म्हणजे येताहेत, पण भाजीला हात लावत नाहीत.

आमचे संचालक पद्माकर सर यांनी मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "दुकानदाराने आधी खोटी विक्री दाखवली असेल आणि आता घाबरून थांबवली असेल, तर?" मी म्हटलं, माझ्या आजोबांनी त्यांची हमी घेतली आहे. ते म्हणाले, "भार्गवी, डेटाला आजोबा नसतात." सगळे हसले. महिनाअखेर त्या दुकानातली योजना चालू ठेवायची की नाही ते ठरणार आहे.

पण मला झोप लागत नाही ती दिव्यश्रीमुळे. तिच्या कार्डावरही एक जुडीसुद्धा नाही. तिला फोन केला तर म्हणाली, "अक्का, सगळं सरी आहे," म्हणजे ठीक आहे, आणि ठेवून दिला. तिचं रक्त आठ आहे हे तुम्ही लिहिलंत. मग ती खातेय काय?

तुम्ही एकदा दुकानात जाऊन याल का? तुमच्यापुढे कोणी खोटं बोलणार नाही.

तुमची
भार्गवी


आनेकल
आषाढ वद्य एकादशी, २१ जुलै २०२५

चि. भार्गवी हिस, शुभाशीर्वाद.

तुझे पत्र हाती पडताच काठी घेऊन विठोजीकडे गेलो. भाजीच्या करंड्या भरलेल्या होत्या. दोडके सुरकुतले होते, माठाची पाने काळवंडली होती. आमचा संवाद जसाच्या तसा लिहितो, म्हणजे तुला पारखता येईल.

"विठोजी, भाजी पडून का आहे?"

"दिवस तसे आहेत, अण्णा."

"कसे?"

"स्वल्प दिवस जाऊ द्या. मग होतंय सरी."

"माझ्यापासून काही लपवतोस का?"

"तुमच्यापासनं? रामा रामा!" असे म्हणून तो वांगी पुसू लागला. पुसलेलीच पुन्हा पुसली.

इतक्यात कमला नावाची, बाटल्यांच्या कारखान्यात जाणारी एक बाई मूग बांधून घेऊन निघाली. मी विचारले, "बाई, भाजी नको?" तिने पदर तोंडाला लावला, हसली आणि म्हणाली, "आमची परीक्षा बघताय होय, स्वामी?" आणि विठोजीकडे पाहून मूग सावरत निघून गेली.

मी परतताना फार विचार केला. विठोजी चोर नाही, एवढे त्याच्या डोळ्यांवरून निश्चित सांगतो. माझा तर्क असा, की कारखान्यांच्या दारांशी तळलेल्या पदार्थांच्या आणि त्या दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांच्या गाड्या लागतात. जिव्हेला एकदा त्याची चटक लागली की घरची भाजी बेचव होते. निग्रहाविषयी मी इतके दिवस बोललो ते सारे वाऱ्यावर गेले, याचा विषाद वाटला.

म्हणून काल निरूपण संपल्यावर मी आसनावरूनच मागील मंडळींना उद्देशून बोललो. म्हटले, "दुष्काळात आपल्या देहातून भाजीपाला उगवून लेकरांना जगवणारी शाकंभरी तुमच्या दाराशी आली आहे, आणि तुम्ही तिला परत धाडता? उद्यापासून प्रत्येक घराने विठोजीकडून कार्डावर भाजी घेतलीच पाहिजे. त्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, आणि त्याची हमी मी घेतली आहे." मागे बरीच कुजबूज झाली. ठकुबाई उभी राहिली आणि म्हणाली, "स्वामींची आज्ञा असेल तर घ्यायलाच हवी. घेऊ." मी समाधानाने उठलो.

आज निराहार असल्याने अक्षर थोडे हलते आहे. काळजी करू नकोस.

श्रीरंग


मारतहळ्ळी
२८ जुलै २०२५

पूज्य अण्णाआजोबा,

तुमच्या शब्दात एवढी ताकद असेल असं आमच्या ऑफिसात कोणालाच वाटलं नव्हतं. भाजीची विक्री नुसती परत आली नाही, आधीच्या वर गेली! सर म्हणाले, "आता आजोबांनाच कन्सल्टंट नेमू." मी सांगितलं, ते मानधनात तुळशीचं रोप मागतील.

दिव्यश्रीच्या कार्डावर दर दिवसाआड पालेभाजी आहे. माठ, पालक, मेथी. मी कॉम्प्युटरवर तिचं पान उघडून दहा वेळा बघते. इतकं बरं वाटतं की काय सांगू.

एकच गोष्ट टोचते. लोक भाजी घेताहेत, पण तिच्याबरोबर लागणाऱ्या मिरच्या, चिंच, कोथिंबीर यांची विक्री अजून शून्य आहे. इतकी भाजी ही माणसं कशी शिजवत असतील? सर म्हणाले, तू आता आनंदातही खोट शोधतेस. असेल तसं.

तपासणी या आठवड्यात आहे ना? ती कशी दिसते तेवढं कळवा. मी फोन केला की ठकुबाईच उचलतात. "झोपलीय" म्हणतात. दुपारी चार वाजता, संध्याकाळी सात वाजता, सकाळीही झोपलेली असते.

तुमची
भार्गवी


आनेकल
श्रावण शुद्ध षष्ठी, ३० जुलै २०२५

भार्गवी,

औपचारिक मजकूर लिहिण्याची आज मनःस्थिती नाही. तू श्यामलेशी बोलली असशीलच, तरीही घडले ते क्रमाने मला लिहिलेच पाहिजे. माझ्याशिवाय कोणी ते तुला नीट सांगणार नाही.

नागपंचमीला सकाळी देवळामागच्या गोठ्याकडे गेलो होतो. गाईंपुढे कोवळ्या माठाचा, पालकाचा, मेथीचा ढीग होता, आणि दावणीच्या खुंट्यांना विठोजीच्या दुकानाच्या हिरव्या पिशव्या अडकवलेल्या होत्या. मी गोठा राखणाऱ्या रघुजीला विचारले, "हे कोणी घातले?" तो कौतुकाने म्हणाला, "पेठेतल्या बायका घालतात, स्वामी. रोज. गाई आता कडब्याकडं बघत नाहीत, मिजास वाढली त्यांची."

मी तेथूनच ठकुबाईला हाक मारली. ती देवळाच्या ओसरीवर हार गुंफत बसली होती. म्हटले, "भाजी गाईला का? घरी का नेली नाही?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "घरी नेऊन काय करायचं? महिना शाकव्रताचा नाही का?"

"कोणाचा महिना?"

"आमचा! तुम्ही सांगितलंत की, स्वामी. भाजी नाही, फळ नाही, मिरची नाही. पेठेतल्या सगळ्या बायांनी धरलंय. मग तुम्हीच म्हणालात, विठोजीची अब्रू जाते, भाजी विकत घ्या. तुमचे दोन्ही शब्द राहायला हवेत. विकत घेतली आणि गोमातेला घातली. दुपटीचं कार्ड, दुपटीचं पुण्य."

भार्गवी, ती माझी थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

मी कसेबसे विचारले, "आणि दिव्यश्री?"

"तिच्यासाठीच तर धरलं. गेल्या खेपेला घरात व्रत नव्हतं, बाळ गेलं. दीर्घायुषी संतती म्हणालात ना? मी आम्हा दोघींचा संकल्प सोडला, चारी महिन्यांचा. भात आणि मिऱ्याचं सार. पोर फार गुणाची, एका शब्दानं बोलली नाही."

त्याच दिवशी दुपारी दिव्यश्री कारखान्यात यंत्रावर मान टाकून पडली. तिला दवाखान्यात नेले. रक्त सातावर आले आहे. आता शिरेतून लोह देत आहेत. डॉक्टरीणबाई श्यामलेला म्हणाल्या, "मी सुईने किती देऊ? पोटात अन्न जाऊ दे. आणखी उतरले तर मी थांबणार नाही, बंगळूरला पाठवीन. बाळाची वाढही मागे आहे."

श्यामला घरी आल्यावर मला एवढेच म्हणाली, "मामंजी, तुम्ही नेहमी पुढच्या रांगेकडे पाहून बोलता. ऐकतात मागच्या."

विठोजीला सारे ठाऊक होते. अण्णांच्या निरूपणामुळे माझा धंदा बसला असे तोंडाने कसे म्हणू, अशी त्याला लाज वाटली. ती कमला हसली, तीही परीक्षा समजून.

तुझ्या संस्थेला हे कळवावे की नाही, ते तू ठरव. मला आज काहीही ठरवण्याचा अधिकार आहे असे वाटत नाही.

श्रीरंग


मारतहळ्ळी
१ ऑगस्ट २०२५

अण्णाआजोबा,

पत्र श्यामलाकाकूंनी फोटो काढून लगेच पाठवलं. उत्तर आमच्या ऑफिसच्या गाडीबरोबर देते आहे, म्हणजे आजच पोहोचेल.

मी पद्माकर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विक्रीचा तक्ता पुन्हा वरपासून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आपण आनेकलच्या गाईंचं आरोग्य सुधारलं." यावेळी कोणी हसलं नाही. विठोजीअण्णांवरचा संशय गेला आहे. दुकानाचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला. ते म्हणाले, चूक आपलीही आहे. आपण भाजी विकली गेली एवढंच मोजतो, ती कोणाच्या पोटात गेली ते विचारायला कोणाला पाठवलं नाही. त्या "कोणाला"मध्ये पहिली मी आहे. मी इथं बसून तिचं पान दहा वेळा उघडलं, एकदा तिच्या घरी गेले नाही.

आता तुम्हाला विचारते. रागावलात तरी विचारणार.

मी आठवीत होते तेव्हा तुम्ही पुण्याला पत्रं पाठवून मला शिकवायचात. त्यात लिहिलं होतं की मूल, म्हातारा, आजारी आणि गर्भारशी यांना व्रताचं बंधन नाही. मला अजून पाठ आहे. तुम्ही हे एका तेरा वर्षांच्या मुलीला शिकवलंत, जिला कधी उपासच करायचा नव्हता. मग त्या बायकांना का नाही सांगितलंत?

रविवारी मी येते आहे. पण ठकुबाई माझं ऐकणार नाहीत. मी जीन्समधली पुण्याची पोरगी. त्या फक्त तुमचं ऐकतील. आणि आता तर मला त्याचीही खात्री वाटत नाही. तुम्ही भाजी खा म्हणालात, तर त्या पुन्हा गाईलाच घालतील.

तिला काही झालं तर?

भार्गवी


आनेकल
श्रावण शुद्ध नवमी, ३ ऑगस्ट २०२५

चि. भार्गवी हिस,

तू येण्यास निघाली असशील, आणि हे पत्र तुझ्या हाती येथेच देईन. तरी लिहितो. तोंडाने बोलू लागलो तर मी स्वतःला सोयीचे तेवढे सांगेन, आणि मी वडीलधारा म्हणून तू अडवणार नाहीस.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. गर्भिणीला व्रत नाही हे मी त्या सायंकाळी का सांगितले नाही? विसरलो नव्हतो. पुढे बसलेल्या आपल्या घरांत कोणी गर्भिणी नव्हती, म्हणून सांगण्याचे प्रयोजन वाटले नाही. खांबांपाशी बसलेल्या बायका व्रत धरतील, हे माझ्या मनातही आले नाही. त्या प्रसादासाठी येतात असे मी धरून चाललो होतो. तुला पहिल्या पत्रात लिहिलेही तसेच. काढून पाहा.

शुक्रवारी तुझे पत्र मिळाल्यावर सायंकाळी निरूपणास गेलो तो आसनावर बसलो नाही. मागे खांबापाशी जाऊन उभा राहिलो. पुढच्या मंडळींना माना वळवाव्या लागल्या. सांगितले, की अन्न सोडणे हे व्रत, तसे शरीर राखणे हा धर्म. लहान, वृद्ध, रोगी, गर्भिणी आणि दूध पाजणारी, यांना शास्त्राने मोकळे ठेवले आहे, आणि हे मी आरंभीच सांगायला हवे होते. मग एकीने विचारले, "साखरेचा रोग असला तर?" दुसरी म्हणाली, "दिवसभर उभ्यानं काम करणारीला?" तिसरी, कमला, म्हणाली, "मग पोरांना उद्यापासून केळं देऊ ना, स्वामी? तीन आठवडे रडतंय धाकटं." मी उत्तरे देत गेलो.

ठकुबाई त्या दिवशी आली नव्हती.

म्हणून काल श्यामलेला बरोबर घेऊन तिच्या घरी गेलो. दवाखान्यातून दिव्यश्रीला घरी सोडले होते. ती भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय सुजलेले होते. ठकुबाईने माझ्यासाठी पाट मांडला, आणि मी बोलण्याआधीच म्हणाली, "देवळातलं कानावर आलंय. आम्हाला नको ती सूट."

"शास्त्राची आहे, माझी नव्हे."

"आमच्यानं व्हायचं नाही असं वाटलं म्हणून आता काढलीत. तुमच्या घरच्या बायका करतात, आमच्या सुनेला झेपणार नाही?"

"ठकुबाई, तिचे रक्त सातावर आहे."

"गेल्या खेपेला दहा होतं. व्रत नव्हतं. तरी गेलं बाळ. शाकव्रत तर दोन दिवसांत संपतंय. मग दह्याचं. देवाला शब्द दिलाय मी. आता मोडला आणि पुन्हा काही झालं तर तुम्ही येणार आहात भरून द्यायला?"

ती पुढे म्हणाली, "आणि म्हाताऱ्यांनाही सूट आहे म्हणालात ना? मग तुम्ही का धरता? तुमचं वय काय?"

श्यामलेने मान खाली घातली, बहुधा हसू लपवण्यासाठी. मी म्हणालो, "मी धरतो ते माझ्या इच्छेने. मला कोणी धरायला लावलेले नाही."

तेव्हा भिंतीकडून दिव्यश्री बोलली. तिचा आवाज मी इतक्या दिवसांत ऐकलाच नव्हता, परडी देताना ती केवळ वाकून जात असे.

"मला कुणी विचारलं?"

ठकुबाई वळली. "काय म्हणालीस?"

"मला भूक लागते, अत्ते." एवढे म्हणून ती थांबली, आणि मग सगळे एकदम आले. "दुपारी डब्यात नुसता भात. शेजारची बाई वांग्याचं कालवण खाते, मी तोंड फिरवून बसते. रात्री बाळ पोटात हलत नाही, मी हात ठेवून जागी राहते. तुम्ही संकल्प सोडलात तेव्हा मी कारखान्यात होते. हातसुद्धा जोडले नव्हते मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुम्हीही रडता ना, पहिल्यासाठी."

ठकुबाईच्या मांडीवर अर्धवट गुंफलेला हार होता, त्याचे एकेक फूल ती सैल करू लागली.

मी म्हणालो, "ठकुबाई, संकल्प ज्याने त्याने स्वमुखाने करावा लागतो. तिने केला नाही, म्हणजे तिच्यावर व्रत कधी आलेच नाही, तर मोडणार काय? उरला तुम्ही देवाला दिलेला शब्द. तो खोटा पडू देऊ नका. शास्त्र प्रतिनिधी मानते. तिच्या नावाचा वाटा माझ्या हातावर सोडा. माझे शाकव्रत परवा संपेल, तिच्या वाट्याचे मी पुढे चालवीन."

"कुठवर?"

"तुम्ही सांगाल तिथवर."

"बाळ होईतो," ती तत्काळ म्हणाली. घासाघीस करण्यास जागा नव्हती. श्यामला मात्र "मामंजी!" म्हणून उठली. दही, दूध, डाळी आपापल्या महिन्यांत सुटायच्या आणि भाजी सर्वकाळ, म्हणजे माझ्या ताटात काय उरेल याचा हिशोब तिने तेथेच केला असावा. तूही रागावशील. मी वयाने मोकळा आहे हे मीच लोकांना सांगितले आहे, तेव्हा तुमच्या दोघींच्या रागाला आधार आहे. पण ते भांडण आपण घरी करू.

ठकुबाईने तांब्या घेतला. पाणी सोडण्यापूर्वी क्षणभर अडखळली. तिच्या हातचे पाणी आमच्या घराण्यात आजवर कोणी तळहातावर घेतलेले नाही, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. मी हात पुढे केलेला तसाच ठेवला. तिने पाणी सोडले. मंत्र मी म्हटले, दिव्यश्रीचे नाव तिने घेतले.

आता पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. एका ताटाने रक्त चढत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी श्यामलेला बजावले आहे. बाळ रात्री हलले का, हे विचारण्यासाठी मी आज सकाळपासून दोनदा ठकुबाईच्या दारापर्यंत गेलो आणि विचारण्याचे धैर्य न होता परतलो. तू आल्यावर आधी तिकडेच जा.

फलश्रुती मी आयुष्यभर सांगत आलो. ती कोणी इतकी खरी मानील, आणि तिच्यापुढे आपले लेकरू ठेवील, याचे भय मला कधी वाटले नव्हते. आता प्रत्येक वाक्यापूर्वी वाटते.

कालचे राहिलेले सांगतो. आम्ही निघता निघता ठकुबाईने विठोजीकडून माठाची जुडी आणवली. कार्डावरच. चुलीपाशी बसून निवडली, कढई ठेवली. तिचे स्वतःचे व्रत चालू आहे, ती चव घेणार नव्हती. तेल तापले तशी ती थबकली आणि माझ्याकडे वळून नेहमीच्या आदबीने विचारू लागली, "स्वामी, फोडणीला मिरची घातली तर चालेल ना?"

मी म्हणालो, "मला काय विचारता? तिला विचारा."

ठकुबाईने सुनेकडे पाहिले. दिव्यश्री म्हणाली, "घाला. दोन घाला, अत्ते."

श्रीरंग